लागली की लावली

लेकरांना आग विझवायचे खेळ शिकवा, असा ऑफिसचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडीचं पातेलं ढवळत होते. वाचून मला हसू आलं. मदतनीस बाई म्हणाली, "एकट्याच काहून हसून राहिल्या?"

"काई न्हाई," मी म्हटलं. "देव हाय म्हणलं."

तिला काय कळायचं. तिच्या घरची सुडी जळाली नव्हती.

आमच्या सेनगाव तालुक्यात कापलेल्या सोयाबीनचा ढीग रचून ठेवतात, त्याला सुडी म्हणतात. मळणीयंत्राची पाळी येईपर्यंत सुडी रानात ताडपत्रीखाली उभी असते, आणि घराचं अख्खं वर्ष त्या ताडपत्रीखाली झाकलेलं असतं. सुडीची वेलांटी पुसली आणि पहिला उकार लांबवला की सूड होतो. मी अंगणवाडीची बाई, अक्षरं गिरवून घेणं हा माझा धंदाच, त्यामुळे ही गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि तिथून ती निघालीच नाही.

आमची सुडी भरदुपारी जळाली. सेनगावचा बाजार होता, निम्मं गाव जीपमध्ये बसून गेलेलं, मीही त्यातच. राखणीला सासरे होते. सुडीच्या रस्त्याकडच्या अंगाला लिंबाखाली त्यांची बाज. दुसऱ्या अंगाला नाला, आणि नाल्याच्या काठापर्यंत डोक्याएवढी वाढलेली तूर, आत माणूस बसला तरी दिसू नये अशी. सासऱ्यांचा डोळा लागला. जागे झाले तेव्हा सुडी चारी अंगांनी पेटलेली होती. त्यांनी हातांनीच ताडपत्री ओढायला घेतली आणि दोन्ही तळहात भाजून घेतले. हिंगोलीहून आगीचा बंब आला तोवर विझवायला नुसती राख उरली होती. मी बाजारातून पिशवी घेऊन थेट रानातच उतरले.

बंबावरच्या माणसाने सासऱ्यांना विचारलं, "बाबा, कुठून लागली?"

सासरे तोंड उघडणार, तोच मागून उत्तर आलं. "विडी, साहेब. बाजेवर पडल्या पडल्या विडी वढायची सवय हाय काकाला."

बोलणारे आमचे भाऊजी होते. माझ्या नवऱ्याचे सख्खे चुलत भाऊ, वयाने बरेच मोठे, सासऱ्यांचे पुतणे. नाल्यापलीकडचं रान त्यांचं, आणि नाला सरतो तिथून पुढे त्यांचं-आमचं रान लागून. सगळ्यात जवळचं रान त्यांचं आणि आग विझवायला सगळ्यात शेवटी तेच आले होते, हातात अर्धी बादली पाणी घेऊन. ती अर्धी बादली त्यांनी सगळ्यांच्या देखत राखेवर ओतली आणि कपाळाचा घाम पुसला. मी तेव्हाच ओळखलं. वर्षानुवर्षं नांगराच्या एकेका तासाने आमचा धुरा, म्हणजे बांध, कोरत आलेला हा माणूस. सासऱ्यांनी शेवटी मोजणी आणली आणि हद्दीचा दगड भाऊजींच्या पेरणीत जाऊन रोवला गेला. त्या दिवसापासून ह्यांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, आणि आज हे आमच्यासाठी बादली घेऊन धावले होते.

पण पाहिलं कोणी? गाव म्हणालं, आग लागली. आमच्या भाषेची ही एक मोठी सोय आहे. आग लागते. तिला कोणी लावलेलं नसतं, ती आपली लागते, जशी भूक लागते, तहान लागते. पंचनाम्यातही तसंच उमटलं. विडीने लागली.

गावाचं सोडा. सासऱ्यांनाही ते पटलं, तिथे माझं डोकं फिरलं. त्यांनी विडीचा कट्टा चुलीत टाकला आणि पुन्हा विडीला हात लावला नाही. रानात जाणं बंद केलं. बाज अंगणात टाकून दिवसभर तळहात उलटेपालटे करून बघत बसायचे. पाराजवळून गेले की कोणीतरी म्हणणारच, "आबा, खिसा तपासा बरं, धूर निघून राहिला." त्यावर सासरेही हसायचे. ते हसणं मला बघवायचं नाही.

एकदा मी जेवायला वाढताना विचारलं, "मामा, त्या दिवशी तुमी विडी पेटवली तरी व्हती का?"

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "आठवत न्हाई, पोरी. पेटवली आसंल."

त्या 'आसंल'चा मला सूड घ्यायचा होता. सोयाबीन गेलं ते गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा पिकलं. मला भरपाई नको होती, पोलीस नको होते. भाऊजींच्या तोंडून, गावासमोर, खरं काय ते निघावं आणि माझ्या सासऱ्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकावं, एवढंच मला पाहिजे होतं. नवरा म्हणायचा, "झालं गेलं सोडून दे. आपलेच दात, आपलेच ओठ." मी म्हणायची, "मग दात पाडून घेऊ." भाऊजींच्या दारावरून जाताना मी चपला जरा जास्तच वाजवायची. रोज सकाळी अंगण झाडताना मी त्यांना शिव्या द्यायची, तोंडातल्या तोंडात, पण नेमाने. काही बायका हरिपाठ म्हणतात, माझा हा पाठ होता.

अडचण एकच होती. त्यांची नात माझ्या अंगणवाडीत यायची आणि ती पोर फार गोड होती. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला. खिचडी खाताना माझ्याच पदराला हात पुसायची. तिच्यावर मी कधी डोळेसुद्धा वटारले नाहीत. राग कुणाचा आणि काढायचा कुणावर, हे मला चांगलं कळतं. विडीवर राग काढणाऱ्या गावातली मी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी कसं करतात ते मी पाहिलं होतं.

तर तो निरोप आला. खेळ साधेच होते. एकामागे एक सदरे धरून रांग करायची आणि टण टण टण करत गावभर फिरायचं, हा बंब. जुनं लुगडं दोघींनी धरायचं, तो धूर, आणि त्याच्याखालून लेकरांनी रांगत बाहेर यायचं. कपड्याला आग लागली तर पळायचं नाही. थांबायचं, आडवं व्हायचं, लोळायचं. लोळायचं म्हटल्यावर लेकरं इतकी खूश झाली की आठवडाभर कारण नसताना लोळत होती, आणि आया कपडे धुऊन धुऊन मला बोलत होत्या.

बंब म्हणजे काय ते समजावताना मात्र माझी फजिती झाली. मी विचारलं, "बंब कोणी पाहिला?" भाऊजींच्या नातीने हात वर केला. "आमच्या घरी हाय. त्याच्या पोटात आग असती अन् आजा त्याच्यानं आंघोळ करतो." पोरीचं चुकलं नव्हतं. आंघोळीचं पाणी तापवायचा तोही बंबच, आणि आग विझवायला येतो तोही बंबच. एक आग पोटात घेऊन बसतो, एक विझवतो. मी म्हटलं, "तुझ्या आजाच्या घरचा बंब पहिल्या जातीचा." ती मान डोलावून खाली बसली.

आणखी एक खेळ होता माचिसचा. खाली पडलेली, कुणाच्या हातातली, जिथे दिसेल तिथली माचिस लेकराने उचलायची, उघडायची नाही, थेट बाईकडे आणून द्यायची. मी रिकामी माचिस कोपऱ्यात टाकून सराव घ्यायची. लेकरांनी हा खेळ इतका मनावर घेतला की घराघरातल्या माचिसी माझ्याकडे येऊ लागल्या. मी त्या फळीवर मांडून ठेवायची. संध्याकाळी आया दारात. "बाई, चूल पेटवायला माचिस न्हाई घरात, द्या आमची." ज्याची त्याची ओळखून मी परत द्यायची.

शेवटी लिहिलं होतं की ह्या खेळांचा पालकांसमोर कार्यक्रम घ्यावा आणि फोटो पाठवावेत. निरोपात एक ओळ अशी होती की आगीच्या ठिकाणी पोचल्यावर बंबवाले आधी विचारतात, आग कुठून लागली, आणि पाणी ज्वाळांवर न मारता आगीच्या बुडाला मारतात. ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. कुठून लागली. मला तो बंबावरचा माणूस आठवला आणि त्याच्या प्रश्नाला मागून आलेलं उत्तर आठवलं. आणि माझा खेळ ठरला.

भाऊजींची एक खोड अख्ख्या गावाला माहीत आहे. हरणं ह्या माणसाला सोसत नाही. पोळ्याला बैल ह्यांचाच पुढे पाहिजे, पंगतीत पान ह्यांचंच आधी. मागे आमच्या अंगणवाडीत चमचा-लिंबूची शर्यत होती, तर हे नातीच्या बाजूने धोतर आवरत पळत होते आणि शेजारच्या लेकराचं लिंबू पडलं की टाळ्या वाजवत होते. त्या माणसाच्या मनात काय आहे ते मला बाहेर काढता आलं नसतं. पण नात हरायला लागली तर जिभेवरचा लगाम सुटेल, एवढा मला भरवसा होता. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. मला ते अंगणात पाडायचं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी एकटीने मांडणी केली. मधोमध तुराट्या आणि पोती रचून वर ताडपत्री टाकली. चुन्याने एका अंगाला रस्ता काढला, दुसऱ्या अंगाला नाला. रस्त्याकडे लिंबाची फांदी रोवली. आणि लाल कापडाची चिंधी, ही आग, ताडपत्रीच्या बुडाशी नाल्याच्या अंगाला दगडाखाली दडवली. तिथेच का, तर माझ्या मनाने तसं घेतलं होतं. तूर त्या अंगाला होती आणि भाऊजींचं रानही त्या अंगालाच. पुरावा काही नव्हता.

मग घरी येऊन म्हटलं, "मामा, बाज पाहिजे."

"काहून?"

"लेकरायच्या खेळाला."

बाज मी उचलून नेली. त्यांना बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून म्हणा किंवा बाजेच्या मायेने म्हणा, ते मागून आले. त्यांना तिथे आणायचं तर मला दुसरा उपाय सुचला नव्हता.

बाज मी लिंबाच्या फांदीखाली टाकली. लोक जमले होते. मांडणी कशाची आहे हे ओळखायला कुणाला वेळ लागला नाही. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघू लागल्या. भाऊजी नेहमीप्रमाणे पुढच्या खुर्चीत. त्यांनी मांडणी बघितली, माझ्याकडे बघितलं आणि मिशीवर हात फिरवला. सुनेनेच सासऱ्याची विडी पुन्हा पेटवली, असं त्यांना वाटलं असणार. सासऱ्यांनाही तसंच वाटलं. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही. मी नजर वळवली आणि शिट्टी वाजवली.

दोन बंब निघाले; चिंधी ज्याला आधी सापडेल तो पहिला. एकाच्या पुढे भाऊजींची नात, दुसऱ्याच्या पुढे मेंढरं राखणाऱ्या घरचा एक चपळ मुलगा. टण टण टण करत, पाण्याचे लोटे सांडत रांगा आल्या आणि शिकवल्याप्रमाणे मोठ्यांसमोर उभं राहून लेकरांनी एका सुरात विचारलं, "कुठून लागली?"

"बाजेकून!" गाव हसत म्हणालं. "विडीनं!"

लेकरं बाजेकडे धावली. लोटे ओतले, पोती उचलली, बाजेखाली डोकी घातली. चिंधी नाही. परत येऊन पुन्हा विचारलं, "कुठून लागली?" आता कुणी म्हणालं रस्त्याकडून, कुणी म्हणालं वरच्या तारेतून. लेकरं सगळीकडे धावत होती. मेंढपाळाचा मुलगा हुशार. तो कुणालाच न विचारता सुडीला वळसा घालून चुन्याच्या नाल्याकडे निघाला. भाऊजींची नात रिकामा लोटा धरून मधोमध उभी राहिली आणि तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

मी नातीकडे बघत नव्हते. मी खुर्चीकडे बघत होते. भाऊजी आधी खुर्चीच्या काठावर आले. मग हात हलवून काहीतरी खुणावायला लागले. मुलगा वाकून पहिला दगड उचलून बघतो आहे हे दिसलं मात्र, भाऊजी उठूनच उभे राहिले.

"अगं तिकडं न्हाई! नाल्याकून ये! ताडपत्रीच्या बुडाला पाह्य, तिथून लावली व्हती!"

पोर सुसाट धावली. मुलाच्या काखेखालून हात घालून तिने दगड सरकवला, चिंधी ओढली आणि डोक्यावर धरली. ज्याला आग सापडेल त्याने कुठे सापडली ते मोठ्याने सांगायचं, असं मीच शिकवलं होतं. पोर माझी गुणाची. तिने छाती फुगवून सांगितलं, "सापडली! नाल्याकून लावली व्हती! आजानं सांगितलं!"

मळणीयंत्र एकदम बंद पडलं की कान कसे होतात, तसं झालं. मागून एका म्हातारीने विचारलं, "काय म्हणला त्यो?"

"लावली म्हणला," दुसरी म्हणाली.

"लागली म्हणलो मी," भाऊजी म्हणाले. "लागली. खेळातलं सांगून राहिलो."

मी पुढे झाले. एवढी वर्षं अंगण झाडताना जे बोलायचं ठरवलं होतं त्यातलं काहीच मला आठवलं नाही आणि त्याची गरजही पडली नाही. "खेळातलं तर कोणालाच ठाऊक नव्हतं, भाऊजी," मी म्हटलं. "चिंधी सकाळी मी एकटीनं दडवली. अन् बंबवाल्याला तर तुमी बाजेकून सांगितलं व्हतं."

त्यांनी मान वळवून लोकांकडे बघितलं तर लोक त्यांच्याकडेच बघत होते. मला फार बरं वाटलं. तापलेल्या रानातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं बरं वाटलं, आणि ते मी लपवत नाही.

तेवढ्यात सासरे भिंतीपासून निघाले. बाजूच्या माणसापुढे त्यांनी हात पसरला, तो भाजलेला तळहात. "एक विडी दे." त्या माणसाने घाईघाईने दिली. सासऱ्यांनी ती ओठांत धरली आणि सावकाश चालत, चुन्याचा रस्ता ओलांडून, पुतण्यासमोर येऊन उभे राहिले.

"माचिस दे."

"काका, तुमी बसा बरं..."

"दे. तुझ्यापाशी आसती."

सवयीच्या हाताला अक्कल नसते. भाऊजींचा हात खिशाकडे गेला आणि माचिस घेऊन बाहेर आला. आली तेव्हा ती कुणाला द्यावी हे त्यांना कळेना. नातीने मात्र ती पाहिली. माचिस दिसली, कुणाच्या का हातात असेना. तिने चिंधी खाली टाकली, आजाच्या बोटांतून माचिस काढून घेतली, उघडली नाही, आणि थेट माझ्याकडे आणून दिली.

"बाई, माचिस."

"शाब्बास," मी म्हटलं.

भाऊजी गेले. धोतर आवरत, कुणाकडेही न बघता. सासऱ्यांनी न पेटवलेली विडी कानावर ठेवली. मग त्यांनी बाज उचलली. मला वाटलं घरी नेतील, पण ते रानाच्या वाटेला लागले. माझा नवरा मागून धावला आणि बाजेचं दुसरं टोक त्याने धरलं.

पुढे दोघी-तिघींनी मला सुनावलं की लेकराला मध्ये घ्यायला नको होतं. मी ऐकून घेतलं. लेकराचं काय बिघडलं? तिचा पहिला नंबर आला, तिला रंगीत खडूंची पेटी मिळाली, आणि दुसऱ्या दिवशी ती वेळेवर अंगणवाडीत आली. तिला सोडायला रोज आजा यायचा, आता तिची आई येते. पाराजवळ सासऱ्यांना खिसा तपासायला आता कुणी सांगत नाही. ते पुन्हा विडी ओढतात, आणि जास्त ओढतात म्हणून मी ओरडते.

लेकरं अजूनही माचिसी आणतात. संध्याकाळी आया येऊन आपापली घेऊन जातात. एक तेवढी फळीवर राहिली आहे. झाडलोट करताना मी ती उचलून पुसते आणि जागेवर ठेवते. भाऊजी मागायला आले तर मी देईन. कशाला पाहिजे, एवढं मात्र विचारीन.